नदी एक, महापालिका दोन: शेजारच्या शहरांनी एकत्र काम कुठून सुरू करावं?

जुलैत कोल्हापुरात कुणालाही विचारा, "आज किती फूट?" कशाचे फूट, असं विचारणारा माणूस बाहेरगावचा समजायचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. आकडा चढायला लागला की आंबेवाडी-चिखलीची माणसं जनावरं हलवायच्या तयारीला लागतात, खाली शिरोळ तालुक्यात फोन जातात, आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की दहा मिनिटांत ती बातमी प्रत्येक मोबाइलवर असते.

आता हीच नदी एप्रिलमध्ये बघा. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा थर, वर केंदाळ, आणि नाक धरून फोटो काढणारे पत्रकार. खालच्या अंगाचे इचलकरंजीकर कोल्हापूरच्या नाल्यांकडे बोट दाखवतात, कोल्हापूरकर इचलकरंजीच्या कापडाच्या सायझिंग-प्रोसेस कारखान्यांकडे, आणि शिरोळकर दोघांकडे. त्या दिवशी पाण्यात प्राणवायू किती होता, हा आकडा मात्र कुणाच्याच तोंडी नसतो.

पुरात जे जमतं ते प्रदूषणात जमत नाही, याचं कारण मला तरी इथंच दिसतं. पुराच्या वेळी सगळ्यांचा विश्वास असलेली एकच मोजपट्टी असते आणि वरून खाली कळवायची सवय असते. पैसा, कायदा, प्राधिकरण वगैरे नंतर. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: आधी प्राधिकरण मागायचं, मग निधी, आणि कळवायचं कुणीच नाही.

हा लेख नगरसेवक, पालिकेतले अभियंते, सरपंच आणि अशा प्रश्नांत वर्षानुवर्षं पायपीट करणाऱ्या संघटनांसाठी आहे. उदाहरण पंचगंगेचं घेतलंय. तुमच्याकडे उल्हास असेल, इंद्रायणी असेल, नाहीतर दोन शहरांच्या मधोमध पेटत राहणारा कचरा डेपो असेल. पायऱ्या साधारण याच.

पायरी १: एकच प्रश्न उचला आणि त्याचा नकाशा काढा

"प्रादेशिक विकास" हा विषय बैठकीला ठेवलात तर चहापाणी होईल, फोटो येईल, संपलं. एकच प्रश्न निवडा, आणि तोही मोजता येईल असा.

मग नकाशा काढा. पालिकेच्या हद्दी दाखवणारा नको, प्रवाहाचा हवा. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नृसिंहवाडीपर्यंत एक रेघ ओढा. तिच्यावर क्रमानं मांडा: कुठल्या शहराची जॅकवेल (नदीतून पाणी उचलायची विहीर) कुठं, कुठला नाला कुठं मिळतो, बंधारे कुठले (राजाराम, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ), कारखान्यांचं पाणी कुठल्या ओढ्यानं येतं, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं कुठं आणि किती क्षमतेची. कोल्हापूरचं कसबा बावड्याचं केंद्र ७६ एमएलडीचं, दुधाळीचं १७ एमएलडीचं (एक एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर). हे आकडे त्या रेघेवर आले की कागद बोलायला लागतो.

असा नकाशा काढला की एक गोष्ट लगेच दिसते. कोल्हापूरची बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रं शहराचं सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याच्या वरच्या अंगाला आहेत. २०२३ च्या दिवाळीत तर काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइननं दूधगंगेचंच पाणी शहरात आलं. म्हणजे वरच्या शहराची घाण त्याच्या स्वतःच्या पेल्यात कधीच येत नाही, ती खालच्याच्या पेल्यात जाते. यात कुणाचा दुष्टपणा नाही, भूगोलच तसा आहे. पण वाटाघाटीला बसताना हे डोक्यात हवं: वरच्याला गरज कमी, खालच्याला घाई जास्त. नुसत्या तक्रारीनं वरचा हलत नाही. त्याला हलायला दुसरं कारण द्यावं लागतं. ते कुठलं, ते पायरी ६ मध्ये येईल.

पायरी २: मधल्या गावांना पहिल्याच बैठकीला बोलवा

दोन महापालिका आयुक्त आणि जिल्हाधिकारी बसले की काम झालं, हा समज महागात पडतो. इचलकरंजीचाच अनुभव घ्या. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथं काविळीची साथ आली, माणसं दगावली, आणि दूषित पाण्याचा प्रश्न सगळ्या राज्याला कळला. शहराला दुसरीकडून पाणी हवं होतं, मागणी रास्त होती. वारणेवर दानोळीतून पाणी आणायची योजना आली, तर वारणाकाठ उभा राहिला. मग दूधगंगेवर सुळकूडची योजना आली, तर दूधगंगाकाठ उभा राहिला. गावांचं म्हणणं साधारण असं: तुमच्या दारातनं पंचगंगा वाहते, ती आधी नीट करा, आमच्या नदीला हात का लावता?

हा प्रश्न खेडवळ हट्ट म्हणून झटकता येत नाही. शेतकऱ्याला भीती असते की आज पिण्यासाठी नेलेलं पाणी उद्या त्याच्या उपशावर बंदी म्हणून परत येईल. ती भीती योजनेची निविदा निघाल्यावर ऐकली तर आंदोलन होतं. आधी ऐकली असती तर करारातलं एक कलम झालं असतं.

दुसरी जखम हद्दवाढीची. कोल्हापूर महापालिका १९७२ ची, आणि हद्दवाढ हा शब्द तेव्हापासून दशकानुदशकं गाजतोय. शेजारच्या गावांना वाटतं की सहकार्याच्या नावाखाली आपल्याला गिळायला आलेत. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, तरी संशय गेला नाही. त्यामुळं पहिल्या बैठकीच्या निमंत्रणातच एक ओळ लिहा: "या बैठकीचा हद्दवाढीशी संबंध नाही आणि इतिवृत्तात तो विषय येणार नाही." हास्यास्पद वाटेल, पण या एका ओळीनं सरपंच येतात.

कुणाला बोलवायचं? दोन्ही पालिकांचे पाणीपुरवठा आणि ड्रेनेजचे अभियंते, पाटबंधारे विभागाचा बंधाऱ्यांवरचा माणूस, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा उपप्रादेशिक अधिकारी, काठावरच्या गावांचे तीन-चार सरपंच, एखादी पाणी वापर संस्था, कारखानदार संघटनेचा प्रतिनिधी. आणि महावितरण! त्यांना सगळे विसरतात. नाल्यावरच्या उपसा पंपाची वीज दोन तास गेली की सांडपाणी थेट नदीत, मग प्रक्रिया केंद्र कितीही चांगलं असो.

साहेब लोक दुसऱ्या बैठकीला आले तरी चालतील. पहिल्या बैठकीला ज्यांच्या हातात व्हॉल्व्हची चावी असते ती माणसं हवीत.

पायरी ३: कळवण्याचा करार

हा लेख वाचून एवढी एकच गोष्ट केलीत तरी मी खूश.

माझी नोकरीची बरीच वर्षं नदीकाठच्या एका लहान नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात गेली. खोरं वेगळं होतं, नाव घेत नाही. एका एप्रिलमध्ये पहाटे पंपावरच्या माणसाचा फोन आला, "सायेब, पाण्याला वास यायलाय." जॅकवेलवर जाऊन बघतो तर पाणी कोऱ्या चहासारखं, कडेला फेस. वरच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) आदल्या संध्याकाळी काढले होते. बंधाऱ्यामागं दोन महिने साठून कुजलेलं पाणी एका रात्रीत आमच्या दारात आलं. बरगे काढले ते नियमानंच, वरून तसा आदेश होता. फक्त आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सहा तास आधी कळलं असतं तर टाक्या काठोकाठ भरून पंप बंद ठेवला असता. त्याऐवजी टाक्या रिकाम्या करून धुण्यात दोन दिवस गेले आणि गावानं आमचा उद्धार केला तो वेगळाच.

कळवण्याच्या कराराला पैसे लागत नाहीत, मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. दोन पानांचा कागद पुरतो. त्यात एवढं हवं:

- कुठल्या घटना कळवायच्या: बरगे घालणं-काढणं, धरणातून आवर्तन (पाण्याची पाळी) सोडणं, नाल्यावरचा पंप बंद पडणं, प्रक्रिया केंद्र देखभालीसाठी थांबवणं, कारखान्यातली गळती.
- किती आधी: ठरवून केलेल्या कामासाठी २४ तास. अचानक घडलेल्या गोष्टीसाठी कळल्यापासून ३० मिनिटं.
- कुणी कुणाला: माणसाचं नाव नको, पद लिहा, आणि त्या पदासाठी पालिकेचं कायमचं सिम घ्या. बदली झाली की नंबर साहेबांबरोबर जातो, तिथंच साखळी तुटते.
- पोच: "मिळालं" एवढा शब्द. पोच आली नाही तर पुढचा नंबर.

संदेशाचा नमुनाही ठरवून टाका. "दि. १२ एप्रिल, सायं. ४. अमुक बंधारा. ८ बरगे काढणार. कारण: वरून आवर्तन. खालच्या जॅकवेलपर्यंत अंदाजे ९ तास." बस्स. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला हरकत नाही, पण त्या ग्रुपवर सुप्रभातची फुलं आली की खरा संदेश त्याखाली गाडला जातो. ग्रुपमध्ये लिहायची मुभा फक्त ठरलेल्या पदांना ठेवा. आणि सोबत एक कागदी वहीही ठेवा, कारण सहा महिन्यांनी "आम्ही कळवलं होतं" आणि "आम्हाला मिळालंच नाही" असा वाद होणारच.

पायरी ४: एकाच बाटलीतलं पाणी दोघांनी मोजा

दोन पालिका, दोन प्रयोगशाळा, दोन अहवाल, आणि दोन्हींत आपलं पाणी स्वच्छ. हे थांबवायचं तर नमुना संयुक्त हवा. एरवी महिन्यातून एकदा आणि फेब्रुवारी ते मे दरम्यान दर आठवड्याला, ठरलेल्या ठिकाणी, दोन्ही शहरांचा एकेक माणूस आणि त्या गावचा एकजण हजर. नमुन्याचे तीन भाग करायचे: एक वरच्या शहराला, एक खालच्या शहराला, एक सीलबंद राखीव. तिघांच्या सह्या. बाटल्या बर्फाच्या पेटीत.

प्राणवायूची चाचणी मात्र तिथल्या तिथंच करायला घ्या, आणि ती सगळ्यांसमोर करा. ३०० मिलीची काचेची बाटली पाण्याखाली बुडवून, बुडबुडा न ठेवता भरतात. तिच्यात मँगनस सल्फेट आणि मग अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून बूच लावतात आणि उलटसुलट करतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, जितका जास्त तितका गडद. प्राणवायू नसेल तर साका पांढराफटक. (अझाइड विषारी आहे, हातमोजे हवेतच, आणि हे काम केमिस्टनंच करायचं.) नेमका आकडा पुढच्या टायट्रेशननंतर, म्हणजे थेंबाथेंबानं रसायन घालून मोजल्यावर येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम धरलेत. पण बंधाऱ्यावर उभ्या असलेल्या सरपंचाला टायट्रेशनची वाट बघावी लागत नाही. बंधाऱ्याच्या वरची बाटली तपकिरी, नाल्याखालची पांढरी, दोन्ही शेजारी ठेवल्या की कुणालाच भाषण करावं लागत नाही.

मग हा आकडा फुटांसारखा गावात फिरवा. त्या चार महिन्यांत दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि दोन्ही पालिकांच्या संकेतस्थळावर "राजाराम किती, रुई किती, तेरवाड किती" असे तीन आकडे. पुराच्या पातळीला इशारा आणि धोका अशा दोन खुणा आहेत, तशाच इथंही ठरवा: ४ च्या खाली इशारा, २ च्या खाली धोका. यातला २ माझा, तुम्ही बसून वेगळा ठरवलात तरी चालेल. धोक्याच्या दिवशी कुणी काय करायचं हे मात्र आधीच लिहून ठेवा, नाहीतर तो आकडा नुसती बातमी होऊन बसतो.

पायरी ५: कागदाचा आकार कामाएवढाच ठेवा

तीन-चार महिने कळवणं आणि मोजणं चाललं की औपचारिक चौकट घ्या. त्याआधी नको.

सगळ्यात हलकी चौकट म्हणजे सामंजस्य करार. दोन्ही महासभांचे ठराव आणि आयुक्तांच्या सह्या पुरतात. निवडून आलेलं सभागृह नसेल तर प्रशासकाचा ठराव चालतो. कोल्हापूर महापालिका नोव्हेंबर २०२० पासून पाच वर्षं प्रशासकाच्याच हाती होती. पण अशा ठरावाला लोकांचं पाठबळ नसतं, म्हणून सभागृह आल्यावर तो पुन्हा मंजूर करून घ्या.

त्यावरची पायरी संयुक्त समितीची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात दुसऱ्या स्थानिक संस्थांबरोबर संयुक्त समिती नेमायची सोय आहे. ती फारशी कुणी वापरत नाही, हे माझ्या मते दुर्दैव.

त्याहून जड म्हणजे घटनात्मक चौकट. ७४ व्या घटनादुरुस्तीनं दोन समित्या दिल्या: जिल्हा नियोजन समिती, आणि दहा लाखांवरच्या महानगर क्षेत्रासाठी कलम २४३-झेडई खाली महानगर नियोजन समिती. दुसरीत किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्या नगरसेवक आणि पंचायत अध्यक्षांतून यायला हवेत. कोल्हापूर-इचलकरंजीसारख्यांनी जिल्हा नियोजन समिती धरावी. तिथं पालकमंत्री अध्यक्ष असतात आणि निधीची तरतूद तिथंच होते.

सर्वात जड म्हणजे संयुक्त कंपनी. ठाणे जिल्ह्यातली "स्टेम" बघा. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलायचं, टेमघरला शुद्ध करायचं. भागीदार ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद. जिल्हा परिषद आत असल्यानं गावांनाही दारात जागा मिळाली, हा भाग मला आवडतो. कंपनी तेव्हाच काढावी जेव्हा रोज विकायची वस्तू असते: पाणी, बसचं तिकीट, वीज. नदी स्वच्छ ठेवायला कंपनी काढलीत तर ती पहिल्याच वर्षी पगाराला महाग होईल.

पायरी ६: पैशांची वाटणी

पुण्यात पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ मध्ये एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली. वाटा पुण्याचा ६०, पिंपरीचा ४०, तोटाही त्याच प्रमाणात. ठरलेलं प्रमाण हे तिचं बळ. प्रवाशाला दापोडीच्या पुलावर बस बदलावी लागत नाही, ही साधी गोष्ट त्यातूनच आली. पण ठरलेलं प्रमाण वागणूक बदलायला लावत नाही. कुणी सुधारलं काय, बिघडलं काय, वाटा तोच.

नदीसाठी म्हणूनच मिश्र सूत्र घ्या: अर्धा खर्च लोकसंख्येवर, अर्धा प्रक्रिया न करता सोडलेल्या सांडपाण्यावर. समजा, संयुक्त तपासणी आणि केंदाळ काढण्याचा वर्षाचा खर्च २४ लाख. वरच्या शहराची लोकसंख्या ६ लाख, खालच्याची ३ लाख, गावांची मिळून १ लाख. प्रक्रियेविना सोडलेलं पाणी अनुक्रमे २०, २० आणि १० एमएलडी. लोकसंख्येचे १२ लाख वाटले तर ७.२, ३.६ आणि १.२ लाख. सांडपाण्याचे १२ लाख वाटले तर ४.८, ४.८ आणि २.४. एकूण १२, ८.४ आणि ३.६ लाख.

पुढच्या वर्षी वरच्या शहरानं दोन नाले वळवले आणि त्याचं सांडपाणी २० वरून ५ एमएलडीवर आलं. आता सांडपाण्याच्या वाट्यातले त्याला फक्त १.७१ लाख पडतात, म्हणजे तीन लाखांहून जास्त वाचले. वरच्याला हलायला लावणारं कारण म्हटलं होतं ते हेच. रक्कम लहान आहे, कबूल. पण हा आकडा स्थायी समितीपुढं येतो, आणि शेजारच्या शहराचा आकडा त्याच पानावर असतो.

या सूत्रात एक खोट आहे. गावांनी काहीच न बदलता त्यांचा सांडपाण्याचा वाटा २.४ वरून ३.४३ लाखांवर गेला. म्हणून गावांच्या वाट्याला वरची मर्यादा घाला आणि फरक जिल्हा परिषदेनं उचलावा असं आधीच लिहा. हे लिहिलं नाहीत तर दुसऱ्या वर्षी सरपंच उठून जातील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

वरचा प्रदूषणानुसार पैसे देतो, ही कल्पना नवी नाही. जर्मनीच्या रुहर खाणपट्ट्यात एम्शर नदीकाठच्या पालिका, खाणी आणि कारखान्यांनी १८९९ मध्येच अशी सहकारी संस्था काढली, आणि आजही ती चालू आहे. साखर कारखाने आणि दूध संघ सहकारानं चालवलेल्या जिल्ह्यानं नदीसाठी सहकार का करू नये, हा प्रश्न मला नेहमी पडतो. ते असो.

पायरी ७: हद्द राज्याची असेल तेव्हा

२०१९ च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, सांगलीत आयर्विन पुलावर ५७ च्या वर. सगळ्यांचा रोख कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणावर होता. राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये अलमट्टी आणि तिकडचाच हिप्परगी बंधारा ही त्या पुराची कारणं नसल्याचं म्हटलं. ते अनेकांना अजून पटलेलं नाही, वाद चालूच आहे. जून २०२१ मध्ये बंगळुरूत दोन्ही राज्यांची बैठक झाली आणि विसर्गाची माहिती एकमेकांना द्यायचं ठरलं. पुढच्याच महिन्यात पुन्हा महापूर आला. माहितीनं पाऊस थांबत नाही. पण लोकांना हलवायला मिळालेले तास मोजा, मग त्या फोनची किंमत कळते.

नगरसेवकानं आंतरराज्य लवादात पडू नये. तुमच्या पातळीवर एकच करा: सीमेपलीकडच्या बंधाऱ्यावरच्या अभियंत्याचा नंबर तुमच्या वहीत असू द्या. कन्नड बोलणारा माणूस आपल्याकडं शोधायला लांब जावं लागत नाही.

पहिल्या बैठकीला जाताना

तारीख ऑक्टोबरमधली घ्या, बंधाऱ्यांना बरगे घालायच्या आधी. मे महिन्यात सगळे तापलेले असतात, जुलैत सगळे पुरात. जागा दोन्ही शहरांच्या मुख्यालयांत नको, मधल्या गावातली घ्या, रुईसारख्या. ग्रामपंचायतीचं सभागृह पुरतं. दोन तासांत तीनच विषय: प्रवाहाचा नकाशा, कळवण्याचा करार, पहिल्या संयुक्त नमुन्याची तारीख. कोर्टकचेरी, जुने अहवाल आणि "तुम्ही २०१२ मध्ये काय केलं" हे विषय आले की अध्यक्षांनी नम्रपणे पुढच्या बैठकीवर ढकलावेत.

इतिवृत्त त्याच दिवशी, तिथंच, हातानं लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. नंतर टाइप करून पाठवतो म्हटलं की ते येत नाही. आणि निघताना सगळ्यांना बंधाऱ्यापर्यंत चालत न्या, सोबत केमिस्ट आणि दोन रिकाम्या बाटल्या असू द्या.